दुसऱ्या ऑपरेशनआधीची भीती

वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन पहिल्यांदा करून घेणारा माणूस घाबरलेला असतो, आणि काही वर्षांनी तेच पुन्हा करायला निघालेला माणूसही घाबरलेला असतो. भीती मात्र दोघांची सारखी नसते. तरी आपल्याकडे दोघांनाही धीर एकाच वाक्याने दिला जातो: 'घाबरू नका, काही होत नाही.' पहिल्या वेळी हे वाक्य निदान ऐकून घेतलं जातं. दुसऱ्या वेळी ते कानाआड केलं जातं, कारण ऐकणाऱ्याने सगळं भोगलेलं असतं. भूल उतरतानाची मळमळ, पहिल्या रात्रीची कळ, पाणीसुद्धा घोटाघोटाने मोजून प्यायचे दिवस, मग झरझर उतरलेलं वजन, आणि दोन-तीन वर्षांनी तेच वजन पुन्हा अंगावर चढताना रोज आरशात पाहणं. माझं काम ऑपरेशनच्या आधी रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलण्याचं आहे. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. दुसऱ्या ऑपरेशनआधीच्या भीतीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, एक धोक्याची भीती आणि दुसरी लाज. धोक्याच्या भीतीला खरी माहिती लागते. लाज ज्या समजुतीवर उभी असते ती समजूतच चुकीची आहे, तिथे धीर देऊन भागत नाही. ती समजूत मोडावी लागते. या दोन गोष्टी आधी वेगळ्या केल्या नाहीत, तर कितीही प्रेमाने धीर दिला तरी तो अंगाला लागत नाही.

महाळुंगे पडवळसारख्या गावातून पाहिलं की ही लाज किती जड असते ते कळतं. आंबेगाव तालुक्यातलं हे गाव. जवळची मोठी बाजारपेठ आणि उपजिल्हा रुग्णालय मंचरला, तालुक्याची कचेरी घोडेगावला. पोट लहान करायच्या ऑपरेशनसाठी मात्र नाशिक हायवेने पुणंच गाठावं लागतं, आणि मंचरपासून पुणं साठेक किलोमीटर. एवढ्या अंतरावर जाऊन केलेलं मोठं ऑपरेशन गावात लपत नाही. गाडी कुणाची सांगितली, दवाखान्यात सोबत कोण राहिलं, दूध घालायला डेअरीवर त्या आठवड्यात कोण आलं, यातून सगळ्या वाडीला कळतं. पहिल्या ऑपरेशनला गाव कुतूहलाने पाहतं. सहा महिन्यांत कपडे ढगळ झाले की कौतुकही करतं. वजन परत वाढलं की तेच गाव म्हणतं, 'एवढा पैसा घातला, आणि पुन्हा तसंच.' कांद्याच्या काढणीला बरोबर बसणाऱ्या बायका, यात्रेला जमलेले पाहुणे, लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारे यजमान, सगळ्यांकडून हे वाक्य कधी तोंडावर तर कधी मागे येतं. म्हणून दुसऱ्या ऑपरेशनला निघालेली बरीच माणसं घरात 'अल्सरचं ऑपरेशन आहे' किंवा 'हर्नियाचं आहे' असं सांगून निघतात. खोटं बोलण्याचा तो ताण शरीराच्या भीतीत मिसळतो, आणि डॉक्टरांसमोर दोन्ही मिळून एकच तक्रार होऊन येते: 'झोप लागत नाही, छातीत धडधडतं.'

आधी धोक्याकडे पाहू, कारण तो खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे सगळ्यात जास्त होणारं ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह. त्यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून कायमचा बाहेर काढतात, आणि उरतो तो केळ्याएवढा अरुंद नळीसारखा भाग. चरबी काढण्याचं ऑपरेशन म्हणून जे गावात सांगितलं जातं ते हे नव्हे. चरबीला यात हातही लागत नाही. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. तोच भाग गेल्यामुळे सुरुवातीला भूक मरते. पुढे काहींची ती नळी हळूहळू सैल होते, काहींचं वजन परत चढतं, आणि काहींना छातीत जळजळ, करपट ढेकर, रात्री आडवं झाल्यावर घशाशी येणारं आंबट पाणी असा त्रास सुरू होतो. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या स्लीव्हपास अभ्यासात दहा वर्षांनी तपासणी केली, तेव्हा स्लीव्ह झालेल्या ३१ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेला दाह होता. बायपास झालेल्यांमध्ये हेच प्रमाण ७ टक्के होतं. असा त्रास असेल तर स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर करतात, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. पूर्वी जठराभोवती बसवलेला पट्टा सरकला किंवा जठरात रुतला असेल तर तो काढून दुसरं ऑपरेशन करावं लागतं. म्हणजे दुसरं ऑपरेशन दरवेळी वजनासाठीच असतं असं नाही; पुष्कळदा ते जळजळीसाठी असतं. ज्याला हे ठाऊक असतं त्याच्या मनावरचा अर्धा भार इथेच उतरतो, आणि गावाला द्यायला एक खरं उत्तरही मिळतं.

दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. पहिल्या वेळच्या जखमा भरताना आतले अवयव एकमेकांना चिकटतात, यकृताची कड जठराला धरून बसते, जुन्या स्टेपलच्या ओळीजवळचा रक्तपुरवठा बदललेला असतो. त्यामुळे वेळ जास्त लागतो, आणि जोड गळण्याचा, रक्तस्रावाचा धोका पहिल्यापेक्षा वाढतो. अमेरिकेतल्या दहा केंद्रांवर पहिल्यांदा ऑपरेशन झालेल्या ४७७६ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीस दिवसांतला मृत्युदर ०.३ टक्के होता, आणि गंभीर गुंतागुंत ४.३ टक्क्यांत झाली. हे आकडे पहिल्या ऑपरेशनचे आहेत. दुसऱ्यासाठी आपल्या सर्जनला त्याच्या स्वतःच्या कामाचे आकडे विचारायचे: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, किती जणांना परत थिएटरमध्ये न्यावं लागलं, जोड गळला तर कोणत्या दिवशी कळतं, रात्री काही झालं तर कोण असतं. चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. राग आला तर त्या रागातूनही आपल्याला काही कळलेलं असतं. याच्याही आधीचं एक काम आहे आणि तेच नेमकं राहून जातं, पहिल्या ऑपरेशनची फाईल शोधणं. डिस्चार्ज कार्ड बहुतेकांकडे असतं, कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत. पण सर्जनला खरी हवी असते ती ऑपरेशनची सविस्तर नोंद: नळी किती रुंद ठेवली, बायपास असेल तर आतड्याची लांबी किती मोजली, कोणता स्टेपलर वापरला, काही अनपेक्षित सापडलं का. ती पहिल्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून मागून घ्यावी लागते, आणि ती मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. तिच्यासोबत नवी एंडोस्कोपी आणि बेरियमचा एक्स-रे असला की पुढची चर्चा अंदाजावर न राहता फिल्मवर होते. भीतीच्या आठवड्यात हातात असं एखादं काम असणं हे कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

इथे हमखास एक आक्षेप येतो, आणि तो बहुतेक वेळा घरच्यांकडून येतो. 'सगळं सांगितलं तर ती आणखी घाबरेल. तिला कशाला सांगता, आम्हाला सांगा.' मागे प्रेमच असतं, यात शंका नाही. आपल्या घरांमध्ये आजारपणाची खरी बातमी आधी मुलाच्या किंवा दिराच्या कानावर जाते आणि पेशंटला गाळून मिळते, ही पद्धत जुनी आहे. पण पुरावा या पद्धतीच्या बाजूने नाही. १९६४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एग्बर्ट आणि सहकाऱ्यांनी पोटाचं ऑपरेशन होणाऱ्या ९७ रुग्णांचा अभ्यास छापला. काही रुग्णांना भूलतज्ज्ञाने आधीच सांगितलं की दुखेल कुठे, किती, किती दिवस, आणि दुखेल तेव्हा पोटाचे स्नायू सैल कसे सोडायचे, श्वास कसा घ्यायचा. बाकीच्यांना हे सांगितलं नाही. ज्यांना सांगितलं होतं त्यांना ऑपरेशननंतर वेदनाशामक निम्म्याने कमी लागलं, आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. हा अभ्यास साठ वर्षं जुना आहे, वेगळ्या ऑपरेशनांचा आहे, आज दुर्बिणीने होणाऱ्या कामात दिवसांचा हिशोब बदलला आहे, हे सगळं मान्य. तरी त्यातलं मूळ तत्त्व नंतरही टिकलं: येणारं दुखणं ज्याला माहीत असतं त्याला ते आल्यावर संकट वाटत नाही. दुसऱ्या ऑपरेशनच्या रुग्णाला तर पहिलं अर्धं माहीतच असतं. लपवलं की उरलेलं अर्धं तो मनानेच भरतो, आणि मन नेहमी वाईटच भरतं. मात्र एक मर्यादा पाळायला हवी. किती ऐकायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. काहींना प्रत्येक टक्केवारी हवी असते, काहींना फक्त 'उद्या सकाळी काय काय होईल' एवढंच. म्हणून मी आधी विचारते, तुम्हाला किती सांगू? उत्तर पेशंटने द्यायचं, नवऱ्याने किंवा सासूबाईंनी नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: एवढं बोलत कशाला बसायचं, आदल्या रात्री एक गोळी द्या. फ्रान्समध्ये हजाराहून अधिक रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये जामा या नियतकालिकात आला. भूल देण्याआधी काहींना लोराझेपाम दिलं, काहींना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी, काहींना काहीच नाही. गोळी घेतलेल्यांचा अनुभव इतरांपेक्षा चांगला ठरला नाही, आणि पूर्ण शुद्धीवर यायला त्यांना वेळ जास्त लागला. जाड माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. घोरणं, झोपेत श्वास अडकणं हा त्रास अशा रुग्णांमध्ये पुष्कळ असतो, आणि गुंगीच्या औषधाने तो वाढू शकतो. म्हणून झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणून घेणं या आठवड्यात विशेष धोक्याचं. भूलतज्ज्ञ तपासून देईल ती गोष्ट वेगळी. कुणाकुणाला खरोखर औषधाची गरज असते, आणि ती घेण्यात कमीपणा नाही. बाकीच्यांना शरीराच्या वाटेने जाणारे साधे उपाय पुरतात. श्वास घ्यायला जितका वेळ, त्याच्या दुप्पट वेळ सोडायला, असं दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं. रुग्णालयातून मिळणारं तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र आधीच घरी आणून सराव करणं. यंत्राच्या नळीतून हवा ओढली की पहिली गोळी सहज उचलते, दुसरी थोड्या प्रयत्नाने. तिसरी उचलून क्षणभर धरून ठेवायला छाती पूर्ण भरावी लागते. ऑपरेशननंतर फुप्फुसात कफ साठू नये म्हणून हेच करायचं असतं, त्यामुळे ही करमणूक नव्हे, तयारीच आहे. रोज थोडं चालणं, आणि दोन आठवडे डॉक्टरांनी दिलेला कमी उष्मांकाचा आहार. त्याने यकृत आकसतं आणि सर्जनला आत जागा मिळते. हा आहार म्हणजे ऑपरेशनचाच पहिला भाग, असं समजावून सांगितलं की तो शिक्षा वाटत नाही.

आता लाजेकडे येते. माझ्या मते खरी झोप उडवते ती हीच. 'पहिल्या वेळी मी चुकले, आता पुन्हा चुकले तर?' या वाक्यामागे एक समजूत आहे की परत वाढलेलं वजन हे स्वभावातल्या कमकुवतपणाचं मोजमाप आहे. ही समजूत शरीरशास्त्राला धरून नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सगळ्यात खाली गेलं आणि मग सगळ्याच गटांमध्ये काही प्रमाणात परत वर आलं. दहा वर्षांनी बायपास झालेल्यांचं वजन सरासरी २५ टक्के कमी होतं, पट्टा बसवलेल्यांचं १४ टक्के. म्हणजे थोडं वजन परत येणं हा अपवाद नाही, तो या उपचाराचा नेहमीचा क्रम आहे, आणि इतकं असूनही ऑपरेशन झालेल्यांचा मृत्युदर न झालेल्यांपेक्षा कमी राहिला. असं का होतं, याचा शोध न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या रुडॉल्फ लाइबेल यांच्या १९९५ च्या कामात आहे. वजन दहा टक्के उतरवलेल्या माणसाचं शरीर अपेक्षेपेक्षाही कमी ऊर्जा खर्च करू लागतं. ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या अभ्यासात वजन उतरवल्यानंतर वर्ष उलटलं तरी भूक वाढवणारी संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती. शरीराला बहात्तरचा दुष्काळ आणि ठरवून केलेलं डाएट यांतला फरक कळत नाही; दोन्ही वेळी ते साठा सांभाळू लागतं. आपल्या भागातल्या शरीरांचं यात आणखी एक वेगळेपण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. जन्मतः कमी वजनाच्या आपल्या बाळांमध्येही चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त असतं, हे त्यातून दिसलं. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी इंग्लंडच्या जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच दाखला छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं मोजमाप, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. आंबेगाव-जुन्नरच्या बाईने आपलं वजन आपल्या इच्छाशक्तीच्या खात्यावर लिहिण्याआधी हे चित्र पाहावं.

यावर विचारी माणूस म्हणेल, मग खाण्याची जबाबदारी कुणाचीच नाही का? ऑपरेशन होऊनही गोड चहा दिवसातून सहा वेळा चालू, फरसाण चालू, यात्रेच्या आठवड्यात सगळं माफ, आणि वजन वाढलं की दोष संप्रेरकांना? हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. स्लीव्हच्या अरुंद नळीतून भाकरी-भाजी अडखळत जाते, आणि चहा, आइस्क्रीम, कोल्ड्रिंक, शेव हे सगळं सुळकन उतरतं. ज्याला कोरडी भाकरी टोचते तो मऊ आणि गोडाकडे वळतो. हळूहळू दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकण्याची सवय लागते आणि उष्मांक भरून निघतात. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, तिचं व्यसन लागण्याचा धोका वाढतो, हेही अभ्यासांतून पुढे आलं आहे. पण जबाबदारी आणि लाज या दोन गोष्टी एक नाहीत. जबाबदारी माणसाला वहीत लिहायला लावते: काय खाल्लं, कधी, कुणी आग्रह केला, त्या वेळी मन कसं होतं. लाज वही बंद करायला लावते. लाजलेला रुग्ण आहारतज्ज्ञाची तारीख चुकवतो, वजनकाट्यावर उभा राहत नाही, बी-१२ आणि लोहाच्या गोळ्या संपल्या तरी पुन्हा आणत नाही. पाठपुरावा सुटला की वजन वाढतं, वजन वाढलं की लाज वाढते. म्हणून लाज काढणं हा लाड नाही. ज्याला खाण्याची शिस्त हवी आहे त्याने आधी लाज काढली पाहिजे, कारण लाजेत शिस्त टिकत नाही.

या भीतीत कधीकधी तिसरंही काही असतं, आणि ते ओळखण्यासाठी कान हवा. ती खरी शंका असते: मला हे ऑपरेशन हवंच आहे का? ही शंका चिंतेत बुडवून टाकणं मला अन्यायाचं वाटतं. आज पर्याय पूर्वीपेक्षा जास्त आहेत. ऑपरेशननंतर पुरेसा फरक न पडलेल्या ७० रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत लिराग्लुटाइडच्या इंजेक्शनने सरासरी ८.८ टक्के वजन उतरलं. आहार आणि व्यायामाच्या सल्ल्यासोबत औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्या गटात फक्त अर्धा टक्का. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी ही आणखी प्रभावी इंजेक्शनं भारतात विक्रीला आली. ती महाग आहेत, आणि बंद केली की उतरलेल्या वजनाचा मोठा भाग वर्षभरात परत येतो, म्हणून तीही जादू नव्हे. पण ज्याचं दुखणं फक्त वजनाचं आहे, ज्याला जळजळ नाही, पट्ट्याचा त्रास नाही, त्याच्यासमोर हा पर्याय ठेवलाच पाहिजे. विम्याचा प्रश्नही इथेच विचारून घ्यावा. विमा नियामकाच्या नियमानुसार लठ्ठपणाचं ऑपरेशन विम्यात बसायला बीएमआय ४० किंवा गंभीर आजारांसह ३५ असावा लागतो, आणि पहिल्या ऑपरेशनने थोडंसं यश दिलेला माणूस नेमका या रेषेखाली असू शकतो. मग कर्ज काढून ऑपरेशन, आणि कर्जाची भीती वेगळी. एवढं सगळं तपासून झाल्यावरही मन मागे खेचत असेल, तर तारीख पुढे ढकलण्यात काहीही नामुष्की नाही. हे ऑपरेशन बहुतेक वेळा तातडीचं नसतं. संमतीपत्रावर सही करणं म्हणजे वचन देणं नव्हे. थिएटरच्या दारातून परत फिरण्याचा हक्क सहीनंतरही राहतो, आणि तो आहे हे माहीत असलेला माणूस आत जाताना शांत असतो. आणि धैर्याचं म्हणाल, तर महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचं गाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीसमोर उभा राहिलेला हा गिरणी कामगार बावीस वर्षांचा होता. त्या गावाच्या मुलखात धैर्याचा मान मोठा आहे आणि तो असायलाच हवा. पण रुग्णालयातल्या धैर्याची परीक्षा कुणी घेत नसतं, म्हणून 'तू आपल्या मातीतली आहेस, घाबरतेस काय' असं म्हणून कुणाला ऑपरेशनकडे ढकलू नये.

शेवटचा मुद्दा गंभीर आहे आणि तो गाळता येत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ८८१५ रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. ऑपरेशननंतर स्वतःला इजा करून घेण्याच्या घटना आधीच्या तुलनेत सुमारे पन्नास टक्क्यांनी वाढल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य अशा लोकांमध्ये घडल्या ज्यांना आधीपासून मानसिक आजाराचं निदान झालेलं होतं. याचा अर्थ मानसिक आजार असणाऱ्याने ऑपरेशन करू नये असा नाही. अर्थ एवढाच की ऑपरेशनआधीची चिंता दाबून 'फिट' शिक्का मिळवणं धोक्याचं आहे. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला आधी भेटायचं आणि ऑपरेशनची तारीख नंतर. चालू असलेल्या मनाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. बायपासनंतर काही औषधं अंगात कमी-जास्त शोषली जातात, म्हणून कोणती गोळी चालू आहे हे सर्जनलाही सांगायचं आणि मानसोपचारतज्ज्ञालाही. पुण्याला जाणं शक्य नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या नंबरवर फोनवरून बोलते, मराठीतही बोलते आणि पैसे घेत नाही.

घरच्यांना माझी विनंती आहे. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात 'काही होत नाही' हे वाक्य म्हणू नका, आणि 'या वेळी नीट पथ्य पाळ हं' हेही नको. पहिल्या ऑपरेशनची नोंद रुग्णालयातून मागून आणा, सर्जनला विचारायचे प्रश्न जिचं ऑपरेशन आहे तिच्याकडून एका कागदावर लिहून घ्या, आणि तपासणीच्या दिवशी तो कागद तिच्याच हातात द्या. उत्तरं डॉक्टर तिलाच देतील, तेव्हा तुम्ही शेजारी बसून ऐका. घरी परतल्यावर कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे तिलाच ठरवू द्या.